चाचणीचे कोष्टक कोणासाठी?

महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या दहा-बारा वर्षांत दोन गोष्टी सतत फिरत आल्या आहेत: निकालपत्रकाची तयार एक्सेल फाईल आणि गूगल फॉर्मवर केलेल्या चाचणीची लिंक. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतले शिक्षकही याला अपवाद नाहीत. वणी-मारेगावच्या खाणपट्ट्यातली शाळा असो, झरी जामणीतल्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची असो किंवा पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरची असो, मुलांचे गुण कधी ना कधी संगणकाच्या रकान्यात जाऊन बसतातच. त्यामुळे ही साधने शाळेत यावीत की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती आलेली आहेत. त्यांच्यात भरलेली माहिती कोण वाचतो आणि ती वाचून कोणाचे शिकवणे बदलते, हे मात्र अजून तपासायचे राहिले आहे. फॉर्म आणि शीट यांचा मोठा उपयोग प्रश्ननिहाय नोंदीत आहे. ती नोंद आधी त्याच वर्गात, त्याच शिक्षकाने आणि लगेच वाचली, तरच चाचणी घेण्याला अर्थ राहतो. बेरीज लवकर होते हा त्यातला लहानसा फायदा आहे, आणि आज आपण बहुतेक तेवढ्यावरच समाधान मानतो.

एक्सेल शाळेत शिरले ते एका खऱ्या अडचणीतून. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची पद्धत ठरवली. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनतंत्रे आली आणि सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भारांश ठरला. गुणांचे रूपांतर अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणींत करायचे होते. विचार चांगला होता: मुलाला वर्षातून दोनदा मोजण्याऐवजी रोज पाहावे. पण हिशेब केला तर पाचवीच्या तीस मुलांच्या वर्गात आठ विषय आणि दोन सत्रे धरून ४८० श्रेणी काढाव्या लागतात, आणि प्रत्येक श्रेणीच्या मागे साधनतंत्रनिहाय गुणांची रांग असते. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, तेव्हा हे काम तितक्या पटींनी वाढते. महाराष्ट्रातल्या तंत्रस्नेही शिक्षकांनी एक्सेलमध्ये सूत्रे घालून निकालपत्रके तयार केली आणि सहकाऱ्यांना विनामूल्य वाटली, ती या ओझ्यामुळे. त्या श्रमांचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र त्याच फाईलींनी एक वाईट सवयही लावली. शासन निर्णयाला शिक्षकाच्या निरीक्षणातून उतरलेल्या वर्णनात्मक नोंदी हव्या होत्या. हे मूल कुठे अडते, कशात रमते, कोणाच्या मदतीने पुढे जाते, हे त्यांत यायला हवे होते. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, आणि श्रेणी पाहून आपोआप शेरा उमटवणारी सूत्रेही निघाली. अ-२ मिळालेल्या सगळ्या मुलांना एकच वाक्य, ब-१ च्या सगळ्यांना दुसरे. गुणांवरून शेरा काढला की शेऱ्यात गुणांपेक्षा अधिक काहीच उरत नाही. कागद भरतो, माहिती मात्र वाढत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आता समग्र प्रगतिपत्रकाची चर्चा सुरू आहे. रकाने बदलले आणि भरण्याची रीत तीच राहिली, तर त्याचेही तेच होईल. तयार फाईल वापरणाऱ्या शिक्षकाला यासाठी दोष देणे योग्य नाही. ज्या नोंदी तपासणारा माणूस फक्त भरल्या आहेत का एवढेच पाहतो, त्या नोंदी भरण्यापुरत्याच लिहिल्या जातात.

दुसरी सवय व्यवस्थेने लावली. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, त्याच वर्षी शाळा-विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याची ‘सरल’ प्रणाली आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासमाला सुरू केली आणि नोव्हेंबर २०२० पासून ‘स्वाध्याय’ ही व्हॉट्सॲपवरची साप्ताहिक प्रश्नमंजुषा आणली. २०२१ च्या सेतू अभ्यासक्रमात पुन्हा चाचण्या होत्या. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. शिक्षकांच्या बोलण्यात त्या ‘पॅट’ म्हणून ओळखल्या जातात. प्रश्नपत्रिका कागदावर, तपासणी शिक्षकाकडे, आणि गुण चॅटबॉटमधून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे. यातल्या प्रत्येक योजनेमागचा हेतू मुलांचे शिकणे सुधारण्याचाच होता, आणि राज्याला एकूण चित्र हवे असणे यातही वावगे काही नाही. पण प्रवाहाची दिशा पाहावी. माहिती वर्गातून निघते, केंद्रशाळेकडे, तालुक्याकडे, जिल्ह्याकडे आणि राज्याकडे जाते. भरण्याची अंतिम तारीख असते, भरणा किती टक्के झाला याचा पाठपुरावा होतो. ती माहिती वर्गात परत येऊन सोमवारच्या गणिताच्या तासाला काय बदलले, याचा पाठपुरावा त्या मानाने क्वचित होतो. राज्याच्या आलेखात तालुक्याचा रंग हिरवा की लाल हे दिसते. पाचवीच्या एखाद्या वर्गातल्या अकरा मुलांचे नेमके कुठे चुकते आहे, हे त्या उंचीवरून दिसू शकत नाही.

गुण वर जाऊ लागले आणि त्यांच्यावर निर्णय अवलंबून राहू लागले की गुणांचा स्वभावही बदलतो. दहावीच्या निकालांत हे स्पष्ट दिसले आहे. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळांनी द्यायचे अंतर्गत गुण रद्द झाले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत आणल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण, दहावीचे लेखी अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिक-तोंडी यांचे सूत्र ठरले, शाळांनी कोष्टके भरली, आणि १६ जुलैला लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. त्या वर्षीच्या मुलांवर किंवा शिक्षकांवर यात ठपका नाही. साथीच्या काळात दुसरा मार्ग सापडणेही कठीण होते. तरीही एक निष्कर्ष टाळता येत नाही: ज्या गुणांवर मुलाचे पुढचे वर्ष ठरते, ते देणारा शिक्षक न्यायाधीश आणि पालक अशा दोन्ही भूमिकांत सापडतो, आणि त्याचा हात सैल होतो. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच नियमाच्या रूपात मांडले होते. एखादा आकडा निर्णयासाठी जितका वापरावा, तितका तो आकडाच बिघडत जातो. म्हणून वर्गातल्या रोजच्या चाचणीचे कोष्टक निकालापासून वेगळे ठेवणे ही त्या कोष्टकाच्या खरेपणाची पहिली अट आहे.

हे कोष्टक नेमके काय दाखवू शकते, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, चौथीच्या मुलांना ४०२ मधून १८७ वजा करायला सांगितले. उत्तर २१५. निकालपत्रकात बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीच्या उत्तराला शून्य एवढेच जाते. पण ३८५ लिहिणारे मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, त्याला हातचा घेण्याची कल्पनाच पोचलेली नाही. ३१५ लिहिणाऱ्याला हातचा घेता येतो, पण शतक एकाने कमी करायला तो विसरतो. दोघांनाही शून्य मिळाले, तरी दोघांना वेगवेगळे शिकवावे लागेल: पहिल्याला दशकाच्या काड्या सोडवून दाखवाव्या लागतील, दुसऱ्याला थोडा सराव पुरेल. शीटमध्ये शून्याऐवजी मुलाने लिहिलेले उत्तरच नोंदले आणि मोजणीचे एक साधे सूत्र घातले, तर ३८५ किती जणांचे आणि ३१५ किती जणांचे हे क्षणात समोर येते. फॉर्मवर बहुपर्यायी प्रश्न करताना पर्याय म्हणून हीच दोन उत्तरे ठेवली, तर प्रत्येक चुकीचा पर्याय एकेक निदान होतो. मनाला येतील ते तीन आकडे पर्याय म्हणून टाकले, तर तोच फॉर्म निरुपयोगी ठरतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. कोलाम हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, आणि झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव भागातल्या पोडांवर तो मोठ्या संख्येने राहतो. त्या मुलांची घरची भाषा कोलामी. गोंड घरांत गोंडी, तांड्यावर गोरमाटी. पुस्तकातली प्रमाण मराठी अशा मुलांसाठी शाळेतच भेटणारी भाषा असते. आता एकाच क्रियेचे दोन प्रश्न शेजारी ठेवावेत: एक नुसत्या आकड्यांत मांडलेला, दुसरा शब्दांत लिहिलेला. ज्या मुलाचे पहिल्या रकान्यात बरोबर आणि दुसऱ्यात चूक आहे, त्याला वजाबाकी येते. त्याचे अडते ते वाचण्यात. त्याला गणिताच्या उपचारात्मक वर्गात बसवले तर वेळ वाया जाईल आणि ते मूल गणिताला भिऊ लागेल, हा त्याहून मोठा तोटा. एकूण गुणांच्या एकाच आकड्यात हा फरक पुरता बुडून जातो. दोन रकाने शेजारी ठेवले की तो वर येतो. मूल्यमापनातला सामाजिक न्याय अशा बारीक जागी असतो, आणि शीटसारखे स्वस्त साधन तिथे खरोखर कामाला येते.

इथे पहिला आक्षेप येतो: मुलांकडे फोन कुठे आहेत? आक्षेप रास्त आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सुमारे ८४ टक्के घरांत स्मार्टफोन पोचला आहे आणि १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. पण आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले सुमारे ५७ टक्केच होती. घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती अभ्यासाच्या वेळी असणे यांत मोठे अंतर असते. फोन बापाबरोबर शेतावर जातो, रिचार्ज संपतो, पोडावर रेंज नसते. घरून भरायच्या फॉर्मने घेतलेली चाचणी मुलाच्या अभ्यासाइतकीच घरच्या ऐपतीची मोजणी करते, आणि उत्तर कोणी भरले हेही कळत नाही. म्हणून प्राथमिक वर्गांत चाचणी कागदावर, पाटीवर किंवा तोंडीच व्हावी आणि फॉर्म किंवा शीट शिक्षकाने भरावे. पाच प्रश्न आणि तीस मुले म्हणजे दीडशे नोंदी, हे काम आवाक्यातले आहे. एकच फोन असलेल्या वर्गासाठी प्लिकर्ससारखी पद्धतही आहे: मुले छापलेले कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून धरतात, शिक्षक फोनच्या कॅमेऱ्याने सगळी कार्डे टिपतो. मुलाच्या हाती उपकरण लागतच नाही.

फॉर्मवर लेखी उत्तर आपोआप तपासून घेण्यात मराठीची वेगळी अडचण आहे, आणि ती पुरेशी लक्षात घेतली जात नाही. गूगल फॉर्ममध्ये प्रश्नमंजुषेची सोय २०१६ पासून आहे. त्यात लघुत्तराची तपासणी शिक्षकाने दिलेल्या उत्तराशी अक्षरशः जुळवून होते. देवनागरी अंकांतले २५ आणि इंग्रजी अंकांतले पंचवीस ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी उत्तरे आहेत. ‘ऱ्हस्व’ शब्दातला अर्धा र दोन निरनिराळ्या कळजोडण्यांनी उमटतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. एका वेलांटीने विज्ञानाचे बरोबर उत्तर चूक ठरते. विज्ञानाच्या प्रश्नात शुद्धलेखन तपासायचे नसेल, तर तिथे लघुत्तराची यांत्रिक तपासणी वापरू नये. पर्याय द्यावेत किंवा उत्तरे डोळ्यांनी वाचावीत. यंत्राने मुलावर अन्याय केला तरी तो अन्यायच असतो, आणि त्याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्यावर येते.

दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्राचा आहे: अशा साधनांमुळे सगळी परीक्षा पर्याय निवडण्यापुरती उरेल, मुलांचे लिहिणे मागे पडेल. ही भीती खरी आहे. निबंध, पत्र, प्रयोगाची मांडणी, नकाशा या गोष्टी फॉर्ममध्ये मावत नाहीत आणि मावण्याची गरजही नाही. त्या वहीतच राहाव्यात. शीटचा उपयोग तिथे निकष वेगळे ठेवण्यापुरता आहे: आशय, मांडणी, शुद्धलेखन असे तीन रकाने केले, तर दहापैकी सहा मिळालेली दोन मुले वेगवेगळ्या कारणांनी सहावर थांबली हे दिसते. गुणांपेक्षा शब्द मोलाचे, याला पुरावाही आहे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्यांची प्रगती झाली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना त्याचा फायदा झाला नाही, कारण लक्ष गुणांवरच राहिले. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये अनेक संशोधनांचा धांडोळा घेऊन हेच सांगितले, की शिकवण्याची दिशा बदलणारे मूल्यमापनच शिकणे वाढवते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून काढल्याने तो दीर्घकाळ लक्षात राहिला. या सगळ्यातून चाचणीचे रूप ठरते: वारंवार, लहान, निकालात न धरली जाणारी, आणि गुणाऐवजी चुकीचे कारण सांगणारी. फॉर्ममध्ये बरोबर आणि चुकीच्या उत्तरासाठी वेगवेगळा अभिप्राय लिहिता येतो. ती सोय वापरली जावी, आणि एकूण गुण दाखवणे बंद ठेवावे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि सर्वांत वजनदार. ऑनलाइन माहिती भरण्याने ते आधीच वैतागले आहेत. विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहार, हजेरी, शिष्यवृत्ती, सर्वेक्षणे या सगळ्यांत आणखी एक कोष्टक कशाला? याचे प्रामाणिक उत्तर असे, की आधीची कोष्टके कमी केल्याशिवाय हे मागण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही. जी माहिती एकदा एका प्रणालीत गेली ती दुसऱ्यांदा मागू नये. आणि वर्गाच्या निदानाचे कोष्टक वर मागूच नये, त्याची तपासणी करू नये, त्याला अंतिम तारीख लावू नये. ज्या दिवशी ते मागवले जाईल, त्या दिवसापासून ते सुंदर दिसू लागेल आणि खोटे होईल. शिक्षक आपल्या सोयीसाठी ठेवतो त्या नोंदीला वेळ लागला तरी तो जाचत नाही, कारण उद्याच्या पाठाची तयारी त्यातूनच होते.

कोष्टकावरचा आंधळा विश्वासही धोक्याचाच. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओळी मावल्या नाहीत आणि १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. शाळेतल्या चुका लहान असतात, पण मुलासाठी त्या लहान नसतात. नावांचा रकाना एकटाच अकारविल्हे लावला, तर एकाचे गुण दुसऱ्याला जातात. गैरहजर मुलापुढे शून्य टाकले, तर वर्गाचे चित्रच बदलते: तीसपैकी चोवीस मुलांची सरासरी दहापैकी आठ असेल आणि सहा मुले आलीच नसतील, तर सहा शून्यांमुळे सरासरी ६.४ दिसते. यवतमाळमध्ये ही गोष्ट मोठी आहे. पहिले संकलित मूल्यमापन दिवाळीच्या आधी होते, त्याच सुमारास कापसाची वेचणी भरात येऊ लागते आणि घरातला प्रत्येक हात लागतो. पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला जातात. रिकामी जागा म्हणजे मूल आले नाही, शून्य म्हणजे मूल आले आणि त्याला जमले नाही. या दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहेच. त्याला या मुलाला काय येते आणि काय अजून येत नाही अशी अर्ध्या पानाची प्रश्ननिहाय नोंद जोडली, तर नव्या गावच्या शिक्षकाला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेचाही विचार हवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती आवश्यक ठरवतो. निदानाच्या शीटमध्ये हजेरी क्रमांक पुरतो. जात, आधार, फोन क्रमांक यांचे तिथे काम नाही. लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल असे शीट ठेवू नये, आणि वर्गाची गुणयादी पालकांच्या गटावर तर टाकूच नये. मागे पडलेल्या मुलाचे नाव गावभर होणे ही त्याच्या शिकण्याची सर्वांत वाईट सुरुवात असते.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ काय? दरमहा प्रत्येक केंद्रात शिक्षण परिषद होते. तिथल्या चर्चेचा एक भाग माहिती भरण्याच्या टक्केवारीऐवजी एखाद्या प्रश्नाला द्यावा: या महिन्यात सर्वांनी घेतलेल्या पाच प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाला मुलांनी कोणते चुकीचे उत्तर दिले, आणि ते कोणी कसे दुरुस्त केले. शाळांची नावे आणि सरासरी बाजूला ठेवावी. यवतमाळच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने असे निदानाचे प्रश्न विचारपूर्वक निवडलेल्या पर्यायांसह जमवावेत, कोलामी, गोंडी आणि गोरमाटी बोलणाऱ्या शिक्षकांना बसवून शब्दांतल्या प्रश्नांची भाषा तपासून घ्यावी, आणि ते कागदावर छापून सर्व शाळांना द्यावेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सूत्रांइतकाच वेळ रकाना वाचायला शिकण्यासाठी राखावा. राज्याला एकूण चित्र हवे असेल तर त्याने नमुना चाचणी घ्यावी. प्रत्येक वर्गाचे प्रत्येक शीट मागवण्याची त्यासाठी गरज नाही. हे केले तर चाचणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी शिक्षकाला कळेल की आज कोणत्या सात मुलांना पुन्हा हातचा शिकवायचा आहे. चाचणी त्यासाठीच घ्यायची असते.